उड्डाण परवान्याच्या रांगेत

जगातले सगळे महाबली पहिल्या पानावरच उडतात. आमच्या मुरलीआप्पांचा महाबली चौदाव्या वहीतसुद्धा तीन नंबरच्या खिडकीसमोर रांगेत उभा होता.

आप्पा जुन्नरच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कचेरी मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. शाळेच्या वह्यांत ते चित्रकथा काढत. तिचा खरा नायक उडणारा-बिडणारा कोणी नव्हे, तर उडणाऱ्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं: 'अतिमानवी शक्ती नोंदणी व नियंत्रण कार्यालय'. तिथल्या साहेबाचं नाक, चष्मा, पानाचा डबा, सगळं आप्पांचं. केस तेवढे काळे. कलेत एवढी सूट असते म्हणे.

कथा अशी. बेल्ह्याच्या बाजारातून निघालेला गुरांचा टेंपो येडगाव धरणाच्या भिंतीवरून अर्धा बाहेर लटकलाय. महाबली झेप घेणार, एवढ्यात खिडकीतून प्रश्न येतो, "शक्ती असंल, पन नोंद कुठाय?" मग रहिवासी दाखला. मग किती फूट उडणार याचं प्रतिज्ञापत्र. मग सर्व्हर डाउन. वर्षभर टेंपो लटकलेलाच. त्यातली गाय मध्यंतरी व्यायली.

"वासराची तरी नोंद केली का, आप्पा?" मी खवचटपणे विचारलं.

"केली ना. कानात बिल्लाबी मारला."

रोज दुपारी ओसरीवर हे वाङ्मय मोठ्यानं वाचलं जाई. श्रोते दोन. शेजारधर्म म्हणून मी, आणि आप्पांच्या पत्नी सुमनकाकू. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून काकू वर्षभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणत, वाचा येईल, पण प्रयत्न हवा. आणि हे गृहस्थ, त्यांना उठून जाता येत नाही याचा फायदा घेऊन परिपत्रकं ऐकवत होते!

एके दिवशी मी भडकलोच. "उडू द्या की त्याला एकदा! काकूंची तरी दया करा."

आप्पांनी मला हाताला धरून अंगणात नेलं. "भाऊ, गोड बोलून पाह्यलं, मोबाइलवर भजनं लावली. काय उपयोग न्हाई. माझ्या हापिसाचा तिला लई राग. लोकांना हेलपाटे घालायला लावता म्हनून जन्मभर भांडली. म्हनलं, चिडली तर बोलंल."

मी आपण होऊन त्यांच्या मागोमाग पुढचं ऐकायला निघालो. आमच्या गल्लीत ही नोंद घेण्याजोगी गोष्ट.

आत येऊन आप्पांनी पुढचं पान उघडलं. वासरू टेंपोतून घसरलं होतं आणि खाली धरणाचं पाणी. साहेबाचा शेरा होता: 'वासराने समक्ष हजर राहून अर्ज करावा.'

काकूंचा डावा हात वहीवर आपटला. मानेच्या शिरा ताणल्या.

"ध... धरा की... त्याला!"

आप्पांनी वही खाली ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि साहेबाच्या आवाजात म्हणाले, "नियमात बसत न्हाई, बाई."

काकूंनी मोठा श्वास घेतला.

"मे... मेला तुमचा नियम!"

"आनखी काय म्हननं हाय?" आप्पांनी विचारलं, आणि पेन काढून ते एकेक शब्द लिहून घ्यायला बसले.