वाऱ्यासाठी अर्ज

तुळजाराव कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरची बटणं दाबून बघतात आणि मग माणसांची विचारपूस करतात. लग्न होऊन मी तंजावरात आले, त्याच आठवड्यात ते आमच्याकडे आले. मी नमस्काराला वाकले, तर ते माझ्या डोक्यावरून हात नेऊन पंख्याचं बटण टकटकवत होते. "हें मेलें आहे, बदला," असं माझ्या नवऱ्याला बजावून झाल्यावर त्यांनी मला आशीर्वाद दिला.

राजवाड्यामागच्या गल्लीत ते आमच्या शेजारी राहतात. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, मामी. मामांची सारी नोकरी कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये गेली. तिथं मुलांना तारा जोडायला शिकवता शिकवता त्यांच्या बोटांना जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. खुर्चीत बसले तर तिच्या हाताचा स्क्रू पिळतील, बोलता बोलता तुमचं घड्याळ काढून त्याला किल्ली देतील. मी सांगलीची. त्यांचं मराठी ऐकून मला आधी वाटायचं, हे माझ्या पणजोबांशी बोलताहेत. 'कशास', 'कोठें' असं जुनं वळण, आणि मध्येच तमिळ 'चुम्मा', म्हणजे उगीच. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "हात लागला की जवाब आला पाहिजे." दाराची घंटा असो, गॅसची शेगडी असो की बँकेतला कारकून, सगळ्यांना हीच कसोटी.

अशा माणसाला त्यांच्या मुलीनं, वैजूनं, बंगळुराहून विजेवर चालणारी गाडी घेऊन दिली. जुनी पेट्रोलची गाडी बदल्यात गेली. नव्या गाडीत चाक होतं, पायाशी दोन पेडल होती आणि बाकी सगळं मधोमध बसवलेल्या काचेच्या एका मोठ्या पडद्यात. बटण म्हणून एकही नाही.

शोरूममधल्या बाईंनी समजावून सांगितलं. आधी इथे बोट लावा, मग गाडीचं चित्र येईल. मग इथे लावा, एसी येईल. मग हे असं सरकवा, पंखा वाढेल.

"म्हणजे वारा पाहिजे तर अर्ज करायचा," मामा म्हणाले. "आधी हा टेबल, मग तो टेबल. साहेब जाग्यावर असले तर वारा."

"सर, सवय झाली की फार सोपं आहे."

"सवय कशास करूं? घाम मला येतो, सवय त्यास होऊंदे."

वैजूनं फोनवरून सुचवलं, की नुसतं बोललं तरी गाडी ऐकते. मामांनी बोलून पाहिलं. गाडीला इंग्रजी येत होतं, हिंदी येत होतं, तमिळही येत होतं. तंजावरचं मराठी तेवढं कुणी तिला शिकवलं नव्हतं. मामा "थंड कमी कर" म्हणाले की ती अदबीनं थंगमला फोन लावायची. थंगम म्हणजे रोज फुलं देणारी बाई. मामांनी तीनतीनदा ओरडून सांगितलं की तीनतीनदा फोन जायचा, आणि संध्याकाळी थंगम मोगऱ्याचे हातभर गजरे घेऊन दारात. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एकीचीही वेणी मोकळी राहिली नाही.

मग मामांनी पडद्यावर टिकल्या चिकटवल्या. मामींच्या मखमली टिकल्या, लाल आणि हिरव्या. बोटाला खूण लागावी म्हणून. पण पडदा लबाड. टिकली तिथंच राहायची आणि तिच्याखालचं बटण बदलायचं. नकाशा उघडला की पंख्याची टिकली थेट कुंभकोणमवर जाऊन बसायची. माझा नवरा म्हणाला, "मामांची गाडी हळदीकुंकवाला निघाली." गल्ली हसली. मामाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोरूममध्ये जाऊन भांडून आले. कंपनीला पत्रं लिहिली, येणाऱ्याजाणाऱ्याला धरून गाडीत बसवलं, "डोळे मीट आणि वारा लाव पाहूं," म्हणून परीक्षा घेतली. नापास झालेल्याला कॉफी मिळायची. सगळेच नापास होत.

मामी या सगळ्यात शांत. गाडीत डावीकडे बसायच्या, हात मांडीवर ठेवून.

दिवाळीच्या आधी पापनाशमला त्यांच्या नात्यात एक लग्न होतं. माझा नवरा परगावी होता, म्हणून मामांनी मला गाडीत घेतलं. जाताना ऊन होतं. जेवून दुपारी परत निघालो आणि पाऊस आला. इकडचा पाऊस दिवाळीच्या तोंडाशी येतो आणि आला की दोन्हीकडची भातं आणि रस्ता एकच करून टाकतो. मी मागे बसले होते. आतून काच धुरकटली. मामांनी एका हातानं पुसली, पुन्हा धुरकटली.

"सुभद्रा, काच!"

मामींचा हात पुढे गेला. बोटं पडद्यावरून सरकत लाल टिकलीशी थांबली आणि त्यांनी दाबलं. नकाशा मोठा झाला. त्यांनी पुन्हा दाबलं, नकाशा आणखी मोठा झाला. शेजारी हिरवी टिकली होती, तिच्याखालून रेडिओ सुरू झाला.

"काच गं, काच!" मामांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. क्षणभरच. तेवढ्यात समोरून बसचा भोंगा वाजला. मामांनी चाक पिळलं, गाडी रस्ता सोडून घसरली आणि शेताच्या कडेला चिखलात थांबली. बस आमच्यावर पाणी उडवून निघून गेली.

कुणाला काही झालं नव्हतं. मी पुढे वाकले. काच साफ करायचं चिन्ह पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पिवळं लुकलुकत होतं, अगदी मामींच्या हाताशी.

"मामी, हे काय समोरच आहे!"

मामा दार उघडून भर पावसात खाली उतरले आणि चाकाकडे बघायच्या निमित्तानं पाठ करून उभे राहिले.

"मला तें दिसत नाही गं," मामी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, रेडिओ वाजत होता त्यातच. आधी बाजूचं दिसेना. आता समोरचंही धुरातून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, गेलें तें येणार नाही, राहिलें तें जपा. जुन्या गाडीतली सगळी बटणं त्यांच्या बोटांना पाठ होती. मामा चाक सांभाळायचे आणि वारा, काच, रेडिओ हे मामींचं खातं. वैजूला हे ठाऊक नाही. कळलं तर नोकरी सोडून येईल, नाहीतर त्यांना उचलून घेऊन जाईल, म्हणून दोघांनी लपवलं.

"ती गाडी गेली आणि मी चुम्मा बसणारी झालें," मामी म्हणाल्या. "हे बटणांसाठी भांडतात, लोक हसतात. मी म्हटलें, पुरे करा. तर म्हणाले, हसूंदेत. मला बघून हसतात तोंवर तुझ्याकडे कोण बघतो?"

मामा भिजून आत आले. आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढली. घरी पोचेपर्यंत मागून वाकून, ते पिवळं चिन्ह दाबत, काच मी सांभाळली.

त्यानंतर त्यांनी कुठूनशी बटणांची एक पट्टी मागवली. तारेशिवाय गाडीशी जोडली जाणारी, एकेका बटणाला एकेक काम नेमून देता येणारी. ती बसवायला ते दिवसभर गाडीत वाकून होते. जेवायलाही आले नाहीत.

दिवाळीला वैजू आली. सकाळी गाडी बघायला म्हणून चाकावर बसली, मामी शेजारी. मामा आणि मी बाहेर उभे.

"अप्पा, ही पट्टी इकडे डाव्या दाराशी कशास लावली? चालवणाऱ्याचा हात पुरत नाही."

मामांनी लगेच सुरुवात केली. पडदा कसा, कंपनी कशी, शोरूमच्या बाई कशा. आवाज चढत गेला. मामींनी त्यांना अडवलं.

"पुरे. तें मजसाठी आहे, वैजू. मला डोळ्यांनी सापडत नाही."

वैजू आईकडे बघत राहिली. मामींनी तिचा हात धरून पट्टीवर ठेवला. "हा वारा. ही काच. हा रेडिओ. चल, एक फेरी मारूं, तुला करून दाखवतें."

वैजूनं डोळे पुसले आणि गाडी काढली. विजेची गाडी, आवाज न करता गल्लीच्या वळणावरून गेली.

मामा पायरीवर उभेच होते. गाडी गेली त्या वळणाकडे बघत म्हणाले, "नेईल तिला. नेऊंदे. बंगळुरास चांगले डॉक्टर आहेत."

"तुम्हीही जाल ना, मामा?"

"बघूं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "घोटभर कापी देतेस काय?"

ते आमच्या घरात आले आणि गुमान खुर्चीत बसले. मी दूध तापवलं, कॉफीचं डिकॉक्शन घातलं आणि आतून विचारलं, "मामा, साखर किती घालू?"

मी बाहेर डोकावले. मामा खरोखरच विचारात पडले होते.

"ठाऊक नाही गं," ते म्हणाले. "तें तिलाच ठाऊक."