हैबतराजे व गजराबाईसाहेब यांनी आपल्याच राज्याची मनाई मोडिली त्याची हकीकत

श्री. कैलासी सारीपाट मांडून बसली जी उभयतां, जी हरता रुसतात आणि रुसून पुन्हा त्याच पाटाशी येऊन बसतात, त्यांचे चरणी मस्तक ठेवून हकीकत लिहिली ऐसीजे: शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, श्रावणमास, ते समयी डोंगराचे कुशीत एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील माणसे अद्याप लाजतात. त्या राज्यी हैबतराजे राज्य करीत होते, वय तिशीचे, छाती दाराएवढी, मिशा अशा की शत्रूने लांबूनच पाहाव्या आणि तहाची बोलणी लावावी. त्यांची राणी गजराबाईसाहेब, पंचविशी उलटलेली, चालणे पाण्यासारखे, बोलणे त्याहून थोडे. लग्नास पाच वर्षे जाहली होती आणि उभयतांत भांडण नव्हते, वैर नव्हते, परंतु एका शेजेवर बसत ती दोन गावचे पाटील शिवेच्या धोंड्याशी बसतात तशी बसत. राजांचे मन राणीसाहेबांवर बहुत होते आणि राणीसाहेबांचे राजांवर, पण हे एकमेकांस ठाऊक नव्हते, बाकी सर्वांस दुसरेच ठाऊक होते.

यास कारण रिवाज. राजांचे पणजोबा मोठे लढवय्ये, त्यांस लढाईवाचून दुसरे काही येत नव्हते, म्हणून त्यांनी संसारही मोहिमेच्या बेताने बांधून दिला. राजे दुपारचे भोजन करून राणीमहाली निघाले की चोपदाराने ललकारी द्यावी, आणि नगारखान्यात नगारा वाजावा, आणि सरदारांनी दाराशी ओळीने उभे राहून मुजरे करावे, आणि राजे बाहेर येताच दिवाणांनी भर चौकात पुसावे, "फत्ते?" नगारा ऐकून पेठेतला वाणी तागडी खाली ठेवी आणि म्हणे, "गेले वाटतं आत," आणि तेलीण म्हणे, "आज जरा लवकरच, जेवण गेलं नसेल," आणि मग सारी पेठ कान देऊन बसे. आत राजे घामाघूम होऊन पलंगाचे काठावर टेकत आणि म्हणत, "उकाडा फार." राणीसाहेब वेलदोडे सोलीत म्हणत, "होय." मग राजांनी धीर करून हात पुढे करावा तो बाहेर सटवाजी सरनौबत मोठ्याने खाकरे, आणि हात जेथला तेथे राही, आणि मोहीम अर्ध्या वाटेवरून माघारी फिरे. बाहेर येता दिवाण विसाजीपंत पुसत, "फत्ते?" आणि राजे जोड्यांकडे पाहात.

ऐसे होता होता विषय दरबारी आला. सरनौबत म्हणाले, "महाराज, किल्ला चिवट आहे, वेढा आवळावा. नगारे दुप्पट करू, कर्णे लावू, म्हणजे उमेद येईल." राजवैद्यांनी पाक दिला, तो चाटून राजांस उचक्या लागल्या त्या पोळ्यापर्यंत राहिल्या. शेवटी विसाजीपंतांनी हात जोडून अर्ज केला की शेजारच्या संस्थानची राजकन्या उपवर आहे, त्यांचा नारळ आला आहे, तुळशीची लग्ने होताच मुहूर्त आहे, दुसरी राणी आणावी आणि गजराबाईसाहेबांस सन्मानाने माहेरी पोचवावे, महाल निकामी ठेवणे राज्यास बरे नाही. हे ऐकून राजांचे तोंड ताकासारखे पांढरे पडले, परंतु दरबारात "आम्हांस हीच हवी" असे म्हणण्याचा रिवाज नव्हता, सबब हातातली अंगठी फिरवीत बसले. राणीसाहेबांस ही बातमी पडद्याआडून कळली. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पालखी देऊन नदीपलीकडून आवडाबाई वैदीण यांस बोलाविणे पाठविले.

या आवडाबाई कोण म्हणाल, तर वैद्याची लेक, संस्कृत पढलेली, दोन नवरे पाहिलेली, पानाचा तोबरा भरून बोलणारी बाई. नाडी सारेच पाहतात, हिने नवराबायकोच्या मधली जागा पाहिली. आयुष्यभर गावोगाव हिंडून, बायकांबरोबर जात्यावर बसून आणि बाप्यांबरोबर पाणवठ्यावर बसून, हिने एकच पुसले, की बाबांनो, तुमचे जमते कसे आणि अडते कोठे. आरंभी लोक दगड मारीत, मग थांबवून थांबवून सांगत, मग तर पुरे म्हटले तरी सांगत. आल्या त्या दरबारी बसल्या आणि पंतांनी पुसिले, "बाई, आपल्या शास्त्राचा आधार कोणता?"

"आधार? कोष्टी, कुंभार, सोनार, जोशी, सगळ्या घरांतनं फिरून आलेय. जिथं दोघं एकमेकांजवळ हसतात तिथं पुढचं सगळं आपसूक होतं. जिथं एकजण परीक्षा घेतो नि दुसरा देतो, तिथं शेज म्हणजे पंतोजीची शाळा. एका कुणब्याच्या घरी जात्यावर ओवी ऐकली, ऐका:

दळिता कांडिता, माझा भरून आला हात
धनी म्हणे, 'सखे, आज मी वाढीतो भात'

त्या घरात औषध लागत नाही, पंत."

सरनौबत म्हणाले, "भात वाढण्याचा आणि याचा संबंध काय?"

"तुमच्या कारभारणीला विचारा, सरनौबत. ती सांगेल संबंध काय, नि किती दिवसांत नाही ते."

दरबार हसला. पंत रागावून म्हणाले, "बाई, मर्यादा!" त्यावर आवडाबाई पान फिरवून म्हणाल्या, "आपल्या आळीतही मी हिंडलेय हो पंत. सांगू?" तेव्हा पंतांस एकाएकी खोकला आला आणि त्यांनी इलाज मंजूर केला.

मग बाईंनी राजेराणींस समोरासमोर बसविले, मध्ये पानदान ठेविले, आणि म्हणाल्या, "राणीसाहेब, आपल्याला काय आवडत नाही, ते यांना कधी सांगितलंत?" राणीसाहेब पदराचे टोक पिळीत म्हणाल्या, "मिशा टोचतात." राजे चकित होऊन बोलिले, "पाच वर्षे टोचताहेत, आणि आपण बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "राज्याच्या मिशा. आम्ही एकटीने काय बोलावे?" राजांस हसू आले, ते त्यांनी दाबिले, मग राणीसाहेबांस आले, ते दाबता आले नाही. मग राजेही बोलते जाहले की नगारा वाजू लागला म्हणजे आम्हांस पळून जावेसे वाटते, रणात वाटत नाही, येथे वाटते, आणि आपण वेलदोडे सोलीत बसता त्यावरून वाटते की आपणांस आमचा कंटाळा आहे. राणीसाहेब म्हणाल्या, "कोठे पाहावे कळत नाही, म्हणून सोलते."

आवडाबाईंनी इलाज सांगितला तो ऐसा: "दसऱ्यापर्यंत दोघांनी एकमेकांचे हात हातात घ्यायचे, बोटं, तळवे, मनगट, सावकाश, जसा नवा गाव बघतात तसे. पुढे काही नाही. त्या गोष्टीला साफ मनाई. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास कोण होणार? भीती निघून गेली की बाकीचं अंगाला ठाऊक असतं." इलाज सोपा होता आणि चांगला होता. परंतु दाराशी विसाजीपंत उभे होते आणि त्यांचे कानी एकच शब्द पडला, तो मनाई. त्या राज्यात मनाई म्हणजे शिक्कामोर्तब, आणि शिक्का म्हणजे पहारा, आणि पहाऱ्यावाचून मनाई आजवर जाहली नव्हती. सबब संध्याकाळचे आत दवंडी फिरली की श्रीमंत हैबतराजे व श्रीमंत गजराबाईसाहेब यांस दसऱ्यापावेतो परस्परांशी संग करण्याची सक्त मनाई, जो मोडील त्यास वर्षभर गडावर कैद, मग तो कोणी का असेना. आवडाबाई धावत आल्या आणि ओरडल्या, "अहो, ती समजूत होती, फर्मान नव्हे!" पंत म्हणाले, "बाई, शिक्का उमटला. आता देवासही तो खोडता येत नाही."

मग महालाभोवती चौक्या बसल्या, आणि पलंगाचे मधोमध भालदार उभा राहिला, पाठ फिरवून, पण राहिला. राजे राणीसाहेबांचा हात हाती घेत आणि भालदार बाहेर ओरडून कळवी, "हात!" आणि सरनौबत पुसे, "कोठवर?" आणि भालदार म्हणे, "मनगट!" आणि सरनौबत म्हणे, "चालू द्या." परंतु त्या हातांचे ठायी नवल घडले. राजांस राणीसाहेबांचे बोटावर जुना डाग दिसला आणि त्यांनी हळूच पुसले, "हे काय?" त्या म्हणाल्या, "लहानपणी अनारशाचे तुपात बोट बुडविले. चोरून." राणीसाहेबांनी राजांचे तळव्यावरील व्रण चाचपिला आणि म्हणाल्या, "हा कोणत्या लढाईचा?" राजे इकडे तिकडे पाहून कानाशी बोलिले, "पेरू चिरताना. बखरनविसास तलवार म्हणून सांगितले आहे." ते ऐकून राणीसाहेब ऐशा हसल्या की भालदाराचे भाल्याचे टोक हलू लागले, आणि बाहेर सरनौबत घाबरून ओरडला, "काय चालले आहे?" भालदार म्हणाला, "हसताहेत." सरनौबत विचारात पडला, कारण हसण्यास मनाई लिहिलेली नव्हती.

पुढे राजांनी एके सकाळी न्हाव्यास बोलावून मिशा निम्म्या केल्या. त्या दिवशी राणीसाहेबांनी त्यांचे ओठाजवळ बोट नेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "आता घर दिसते. आधी नुसतेच कुंपण होते." आणि राजांनी पहारा पाहिला, आणि राणीसाहेबांनी पहारा पाहिला, आणि मग उभयतांनी एकमेकांकडे पाहिले, आणि ज्या राजांनी आजवर शत्रूचे सैन्यास चकविले ते आता स्वतःचे सैन्यास चकविण्याच्या उद्योगास लागले. खूण ठरली. राणीसाहेब देवदर्शनास निघत आणि देवळाचे मागील दाराने नाहीशा होत, राजे घोड्यांची पाहणी करण्यास निघत आणि घोड्यांस दिसत नसत. पागेमागे गवताच्या मोठाल्या गंजी होत्या, त्यांचे आड पावसाळ्याचे ऊन ओलसर पिवळे पडे, गवतास वास सुटे, आणि तेथे चोपदार नव्हता, दिवाण नव्हता. तेथे काय जाहले ते लेखकास ठाऊक नाही, चिमण्यांस ठाऊक आहे, आणि चिमण्या इतक्या बोलतात की त्यांचा भरवसा नाही.

पितृपक्षाचे आधी एके दिवशी भर दरबारात पंत पुढे जाहले आणि म्हणाले, "महाराज, आपले कानावर गवत आहे."

"आम्ही घोडी पाहिली."

"आणि पडद्याआड राणीसाहेबांचे अंबाड्यातही गवत आहे."

"त्यांसही घोडी आवडतात," राजे बोलिले, आणि पडद्याआड कोणी फिसकन हसले.

तेव्हा पंतांनी हुकूम वाचला आणि विचारिले, "मनाई मोडली की नाही, हे स्वमुखे सांगावे." पेच सर्वांस दिसला. मोडली म्हणावे तर वर्षभर कैद, तीही राज्याचे धन्यास. नाही म्हणावे तर महाल निकामीच ठरला, आणि तुळशीचे लग्नानंतर दुसरी राणी दाराशी, आणि गजराबाईसाहेबांची पालखी माहेरचे वाटेस. राजे उठले, कानावरील गवत काढिले, आणि पुन्हा बसले. मग पडदा सरला. गजराबाईसाहेब बाहेर आल्या, डोईवर पदर, पदराखाली गवताची काडी तशीच, आणि दरबारात पाच वर्षांत ज्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता त्या म्हणाल्या, "मोडली. पंत, लिहून घ्या. महाराजांकडे बोट दाखवू नका, बेत आमचा होता, आणि पुन्हा मोडू."

राजे ताडकन उठून म्हणाले, "खोटे! बेत आमचा होता!"

"गंजी कोणी शोधून काढली?" राणीसाहेब त्यांस म्हणाल्या. "आपण तर तबेल्यात शिरत होतात."

"तबेल्याचा विचार नुसता बोलून दाखविला होता!"

सरनौबत डोळे पुसू लागले. आवडाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "ऐका हो, ऐका, कसं गोड भांडताहेत." विसाजीपंत कागद उलटसुलट करून पाहू लागले. त्यांस उमगले की मनाई मोडल्याचा पुरावा तोच महाल निकामी नसल्याचा पुरावा, आणि कैदेत असलेल्या वरास बाशिंग बांधण्याचा रिवाज नाही, सबब शेजारचे संस्थानास नारळ परत गेला. परंतु शिक्का तो शिक्का. म्हणून दसऱ्याचे सुमारास उभयतां कैदी होऊन डोंगरावरील गडावर चढले, स्वतःच्या पायांनी, आणि कैद्यास ललकारी नाही, मुजरा नाही, भेटीस दिवाण नाही, असा कायदा असल्यामुळे वर कोणी गेले नाही. शिधा दोरीने चढे आणि रिकामी टोपली दोरीने उतरे. खाली रानात खुरपणाऱ्या बायकांनी त्या वर्षी नवी ओवी धरली:

गडाच्या गं पायथ्याला, माझी खुरपिते बाजरी
वर हसती राजाराणी, ऐकू येते शेजारी

वर्ष सरता पंत स्वतः गडाच्या दाराशी गेले आणि हाक देऊन म्हणाले, "महाराज, मुदत संपली." मग तटावरून राजे वाकले, अंगावर साधी बंडी, हातास कणीक, आणि म्हणाले, "पंत, जरा हळू बोला. राणीसाहेबांचा आत्ताच डोळा लागला आहे."

तात्पर्य लिहिण्याचे ते इतकेच, की ते वर्ष राज्य राजाविना चालले आणि बरे चालले, सरनौबत त्या दिवाळीस आपले घरी भात वाढताना दिसले, विसाजीपंत आवडाबाईंकडे मागील दाराने इलाजास जाऊ लागले, आणि पंत गडाखाली उतरले ते अनवाणी, जोडे हाती धरून, कोणाची झोप मोडू नये म्हणून. इति.