शेवटचं ठीक कधी होतं?

आमच्या टिल्लूकाकांना तुम्ही 'पोट दुखतंय' म्हणून सांगितलंत, तर ते 'अरेरे' म्हणणार नाहीत. 'काय खाल्लंस?' असंही विचारणार नाहीत. खिशातून छोटी वही काढतील, पेन्सिलीला टोक आहे का बघतील आणि विचारतील, "शेवटचं ठीक कधी होतं?"

रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढलेला माणूस. बिघाड झालाय तिथे धावत जायचं नाही, जिथपर्यंत ठीक होतं तिथून निघायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा धर्म. माधव नगरात शेजारच्या सासू-सुनेचं जुंपलं, तेव्हाही काकांनी वही काढून हाच प्रश्न विचारला होता. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाच्या आदल्या दिवशी." काकांनी तसं लिहून घेतलं.

एकदा त्यांना ॲसिडिटी झाली. संशय चहावर. मग आठवडाभर बिनसाखरेचा, पुढच्या आठवड्यात बिनआल्याचा, मग बिनदुधाचा, असं करत करत गृहस्थ नुसत्या गरम पाण्यावर आला. दोष निघाला सकाळच्या पोह्यांवरच्या शेवेचा. चहा निर्दोष सुटला. शेव मात्र काकांनी सोडली नाही, म्हणाले, "कारण समजलं ना, बस."

माझं फ्रीगंजमध्ये लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान. दोन व्हीसीआरवर चाललेलं काम मी कॉम्प्युटरवर आणलं, तेव्हा उज्जैनमध्ये ते अप्रूपच होतं. लोक यायचे, नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून उगवताना बघायचे आणि जायचे. काका आले ते राहिलेच. श्रावणात काकू गेल्या, तेव्हापासून तर रोज अकराला सायकल दुकानाला टेकणार आणि प्रश्न येणार, "काय विनू, आज काय बंद आहे?" काही बंद नाही म्हटलं, की चेहरा पडायचा.

दिवाळीला आठ दिवस असताना खरंच बंद पडलं. मिक्सिंगचा प्रोग्राम सुरू केला, की त्याचं चित्र यायचं, खालची पट्टी अर्ध्यावर सरकायची आणि सगळं गायब. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. आत पेंढारकरांच्या वसुधाचं लग्न होतं. वैशाखातलं लग्न, पण कुठल्या विधीवर कुठलं गाणं लावायचं ते ठरवायला पेंढारकरांनी पाच महिने घेतले होते. आता जावईबापू दिवाळसणाला येणार आणि कॅसेट त्यांच्यासमोर लागणार. आणि माझा मूर्खपणा ऐका. निवडक भाग कॉम्प्युटरमध्ये घेतले म्हणून मी मूळ टेप एका मुंजीला वापरून टाकली होती. लग्नावर बटू बसला होता. उरलं होतं ते एवढंच, त्या डब्यात.

इंदूरहून मेकॅनिक बोलावला. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "फॉर्मेट मारना पडेगा, भाईसाब." म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात.

"हात नाही लावायचा," काका म्हणाले.

चढा आवाज नव्हता, पण काकांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मेकॅनिक हसला, चहा प्यायला, गेला.

काकांनी वही काढली. शेवटचं ठीक कधी होतं? काल दुपारी, बँडच्या तुकड्यावर गाणं चढवताना लाइट गेली तोपर्यंत. मग तीन दिवस काका आणि ते मशीन. एकेक केबल काढली, तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, चालू करून पाहिलं, परत लावली. प्रिंटर काढला, स्पीकर काढले. माझा जीव टांगणीला आणि हे सावकाश चिठ्ठ्या लिहून राहिलेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हा प्रोग्राम उघडतो तेव्हा आधी काय करतो?" म्हटलं, आधीचं अर्धं राहिलेलं काम आपणहून समोर आणून ठेवतो. "मग तो बिचारा ठीक आहे. त्याला जे उचलायला लावतो आपण, त्यात खोट आहे."

लग्नाचे सगळे तुकडे त्यांनी मला दुसरीकडे हलवायला लावले. प्रोग्राम मुकाट्याने उघडला. मी नाचायचाच बाकी होतो. काका म्हणाले, आता एकेक परत आण. सीमांतपूजन, ठीक. वरात, ठीक. मंगलाष्टकांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "ते राहू दे. शेवटी." बँडसमोर नवरदेवाचे मित्र जमिनीवर लोळून नाचतात तो तुकडा ठेवला आणि धाडकन सगळं बंद. लाइट गेली तेव्हा अर्धवट राहिलेला तोच. तो फेकून दिला. राहिली मंगलाष्टकं. काकांनी वही मिटली आणि मी तीही परत आणली.

प्रोग्राम उघडला.

"लाव," ते म्हणाले. "आवाजासकट."

आवाजासकट मी मंगलाष्टकं कधी ऐकतच नसे. तिथला आवाज काढून सनईचं नाहीतर सिनेमाचं गाणं टाकायचं, हीच आमची रीत. आवाज वाढवला. काकू गात होत्या. गावातल्या मराठी लग्नांत दोन्ही घरची नावं गुंफून मंगलाष्टकं रचायच्या आणि म्हणायच्या त्या काकूच. कितीतरी लग्नांतला त्यांचा आवाज मी या हातांनी पुसला होता. हे त्यांचं शेवटचं लग्न. तिसऱ्या ओळीला दम लागला, त्या थांबल्या, हसल्या आणि पुढे गायल्या. शेजारी काका होते, पाठमोरे, वाकून माइकची वायर तपासत.

"मी वायरच बघत बसलो," काका म्हणाले. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथपर्यंत सगळं ठीक होतं बघ."

पेंढारकरांच्या यादीतलं मंगलाष्टकांसमोरचं गाणं मी खोडलं. ओरडले तर ओरडू देत. तेवढ्या तुकड्याची वेगळी कॅसेट करून काकांच्या सायकलच्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी मशीनच्या मागची एक केबल ओढून ठेवली. काका आले. "काय विनू, आज काय बंद आहे?"

म्हटलं, "चालूच होत नाहीये, काका."

त्यांनी वाकून मागे पाहिलं. सुटलेली केबल त्यांना दिसली, आणि ती दिसल्याचं मला दिसलं. मग ते खुर्ची ओढून बसले, वही काढली आणि केबलीला हातही न लावता म्हणाले, "बरं. शेवटचं ठीक कधी होतं?"