गोलकीपरची बाळंतपणाची रजा

फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ आहे आणि बाळंतपण हे एकटीचं काम आहे, याबद्दल शहाण्या माणसांत कुठेही दुमत नाही. निदान अमरावतीच्या पयोष्णी फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीत तरी नव्हतं. कार्यकारिणीतले सगळेच सभासद बाप होते आणि त्यांच्यातला एकही आपल्या मुलाच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या आसपास सापडला नव्हता. तरीही मुलं झाली, वाढली, काही तर इंजिनिअरही झाली. यापेक्षा भक्कम पुरावा विज्ञानाने तरी कुठून आणायचा?

अशा या जाणत्या मंडळींपुढे क्लबचा पगारी गोलकीपर धम्मदीप उभा राहिला आणि भर हंगामात रजा मागू लागला.

अध्यक्ष केशवराव हे मोर्शीकडचे संत्र्यांचे मोठे व्यापारी. फुटबॉलवर त्यांचा जीव होता. (ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना अजून कोणी समजावलेलं नव्हतं, पण प्रेमात असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.)

"काहून पायजे रजा?" त्यांनी विचारलं.

"दीक्षाचे दिवस भरत आले, साहेब. अकोल्याले माहेरी हाये ते."

"मंग? बाळ तिले होऊन राह्यलं का तुले?"

सभासद पोट धरून हसले. एरवी धम्मदीपही हसला असता. पण त्याला मागचा हंगाम आठवत होता.

मागच्या हंगामात दीक्षाला पाचवा महिना होता आणि संघ नागपूरला उपांत्य सामना खेळत होता. खेळाडूंचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून सगळ्यांचे मोबाईल व्यवस्थापक शेखरच्या पिशवीत होते. मध्यंतराला त्यातला एक वाजला. पलीकडे दीक्षाची आई जाईबाई रडत होती. शेखर धावत केशवरावांकडे गेला. केशवरावांनी क्षणभर डोळे मिटले, परिस्थितीचा साधकबाधक विचार केला आणि मॅच होईपर्यंत धम्मदीपला काही सांगायचं नाही, असं ठरवलं. त्या दिवशी धम्मदीपने दोन पेनल्ट्या अडवल्या. पोराचं काय झालं ते त्याला परतीच्या बसमध्ये कळलं, तेही पेढे वाटून झाल्यावर.

तो अकोल्याला पोचला तेव्हा दीक्षा दवाखान्यातून घरी आलेली होती. भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी जिंकले म्हणे."

क्लबने मात्र धम्मदीपला वाऱ्यावर सोडलं नाही. वार्षिक समारंभात शाल, श्रीफळ आणि 'संघनिष्ठा गौरवचिन्ह' देऊन त्याचा सत्कार केला. "घरावर प्रसंग असतानाही ज्याने गोल सोडला नाही," असं केशवराव माईकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. आपल्याला प्रसंग ठाऊकच नव्हता, हे सांगायला धम्मदीपने तोंड उघडलं, पण तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

तर आता रजेचा प्रश्न. क्लब निर्दय होता असं कोणी समजू नये. याच हंगामात किती रजा मंजूर झाल्या होत्या! मेव्हण्याच्या लग्नासाठी सेंटर फॉरवर्ड चांदूर बाजारला गेला होता (वरातीत नाचल्याने दम वाढतो, म्हणून ती रजा सरावात धरली). प्रशिक्षक आपल्या साडूच्या प्रचाराला गेले होते, कारण लोकशाही वर्षभर थांबत नाही. क्रिकेटच्या मोठ्या सामन्याच्या दिवशी उजव्या बगलेच्या खेळाडूची पोटरी दुखू लागली, तेव्हाही कोणी शंका घेतली नाही. त्या दिवशी सबंध कार्यकारिणीची पोटरी दुखत होती. पण बायकोचं बाळंतपण म्हणजे निव्वळ खासगी बाब. अशा बाबींना रजा देऊ लागलं तर उद्या खेळाडू स्वतःच्या घरच्या मयतीलाही जायचं म्हणतील.

शेखरने तोडगा सुचवला. "मोबाईलवर दाखवतीन ना बाळ. डोयानंच तं पाह्यचं हाये!"

अखेर सहानुभूतीपूर्वक ठराव झाला. बाळाच्या जन्माला क्लबची हरकत नाही. मात्र सामने शनिवार-रविवारी असल्याने संबंधितांनी जन्म सोमवार ते गुरुवार या दरम्यान उरकावा. शुक्रवार सरावाचा.

धम्मदीपने हे दीक्षाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मी बाळाले सांगून पाहतो. तुमी याल तं?"

"येतो," तो म्हणाला. "काही झालं तरी येतो."

बातमी गावात फुटली. गिला वड्याच्या गाड्यांवर चर्चा रंगली. ज्यांनी जन्मात कधी तिकीट काढलं नव्हतं त्यांचा, आपल्या पैशावर जगणारा गोलकीपर रजा मागतोच कसा, असा सवाल होता. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, असं ज्येष्ठ म्हणाले. (त्यांच्या वेळी क्लबही नव्हता.)

आणि बाळाने ठराव धुडकावला. रविवारी सकाळी जाईबाईचा फोन आला, "जावईबापू, दीक्षाले दवाखान्यात आणलं." धम्मदीप तेव्हा खेळाचे कपडे घालून मैदानाच्या फाटकात उभा होता. हातमोजे काढून त्याने राखीव गोलकीपर योगेशच्या हातात दिले.

"जा दादा तू," योगेश म्हणाला. "इथलं मी पाहतो."

प्रमुख पाहुण्यांचा पुष्पगुच्छ सांभाळत केशवराव आडवे आले. "आज गेला तं परत येऊ नको."

"नाही येत, साहेब," धम्मदीप म्हणाला आणि मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या एसटीत चढला.

दवाखान्यात त्याला कोणी आत सोडलं नाही. "पुरुषांले मनाई हाये," सिस्टर म्हणाल्या आणि त्याच्या बुटांकडे पाहून विचारलं, "मॅच हाये का इथं?" तो दाराबाहेर उभा राहिला. आतून दीक्षाचा आवाज आला, "आले का हो?"

"हावो. इथंच आहो."

थोड्या वेळाने पुन्हा, "आहे ना?"

"आहो ना."

असं संध्याकाळपर्यंत चाललं. दर कळेनंतर ती विचारायची, तो उत्तर द्यायचा. आयुष्यात एवढी महत्त्वाची जागा त्याने कधी राखली नव्हती. मुलगी झाली. आजवर एकही चेंडू निसटू न देणाऱ्या हातांनी त्याने बाळ छातीशी धरलं. दीक्षा त्याच्याकडे पाहत राहिली आणि मागच्या हंगामापासून राहून गेलेलं सगळं रडली.

इकडे अमरावतीला सामना झालाच नाही. पाहुण्यांचं हेलिकॉप्टर उतरवायला मैदानावरचे गोलचे खांब उपटले होते. पाहुणे गाडीने आले, भाषण करून गेले, पण खांब कोणी परत रोवले नाहीत. थोडक्यात, ज्या गोलची राखण करायला धम्मदीप हजर नव्हता, तो गोलही हजर नव्हता. चौकशी समितीने हा मुद्दा विचारात घेतला आणि निर्वाळा दिला की गोलची गैरहजेरी पूर्वपरवानगीने होती, गोलकीपरची नव्हती. करार रद्द झाला.

पुढे अंतिम सामन्यात तीन गोल खाऊन संघ हरला. तिन्ही वेळा बचावफळी प्रेक्षकांत कोणाला तरी हात करत होती. पण पराभवाचं खरं कारण गावाला लगेच उमगलं. पोरीचा पायगुण! अजून मानही न धरणाऱ्या त्या मुलीच्या पायाला सबंध हंगामातली सर्वांत जोरदार किक मारल्याचं श्रेय मिळालं.

धम्मदीप आता अकोल्याच्या एका लहान क्लबकडून खेळतो. पगार बेताचा आहे. सकाळी लेकीला न्हाऊ घालतो आणि मग सरावाला जातो.

ही हकिकत वाचून ज्या पुरुष वाचकांना केशवरावांची चीड आली असेल, त्यांनी कृपया आत्ताच उठावं, घरात जावं आणि आपलं पहिलं मूल झालं तेव्हा आपण नेमके कुठे होतो, हे बायकोला विचारावं. तिला तोंडपाठ असेल. आपल्याला, फार तर, त्या दिवशी सामना कोणाचा होता तेवढं आठवेल.