इस्त्री करून रानात

आमच्या गल्लीतले तात्या जाधव रानात फिरायला जाताना इस्त्रीचे कपडे घालायचे. नुसते घालायचे नाहीत, आम्हालाही घालायला लावायचे. पांढराशुभ्र नेहरू शर्ट, कडक लेंगा, डोक्यावर टोपी, पायांत करकरणाऱ्या चपला आणि कानात अत्तराचा फाया. हे सगळं कशासाठी, तर बांधावरचा चिखल तुडवायला!

एकदा मी जुनी विजार घालून गेलो. तात्यांनी स्टँडवरच मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इलासराव, भातं लोंब्या टाकून नटून हुबी हाईत. आनि तू ह्या अवतारात त्यास्नी भेटणार व्हय? जा, बदलून ये जा." गेलो की बदलून. सांगतो कुणाला!

तात्यांची पिठाची गिरणी होती. आठवडाभर माणूस भुवयांपर्यंत पिठानं माखलेला. पण दसरा ते दिवाळी दर रविवारी गिरणी बंद, आणि आम्ही गल्लीतले चौघं त्यांच्या मागं. मी बँकेतला कारकून, सहा दिवस खुर्चीत बसणारा. सातव्या दिवशी हा माणूस मला डोंगर चढवायचा. "किती लांब आहे, तात्या?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "हितंच हाय की!" हे 'हितंच' दोन वावरांपलीकडं असायचं, नाहीतर दोन डोंगरांपलीकडं.

पण खोटं कशाला बोलू, ते दिवसच तसे असायचे. पाऊस उघडलेला, माळावर पिवळी सोनकी फुललेली, ओढ्याचं पाणी नितळ. मध्येच तात्या बांधावर थांबून नाक वर करायचे. "वास घे, वास! आंबेमोहोर हाय. फुकट हाय लेका, वढ की!" मग पाच बाप्ये अत्तर लावून भाताचा वास ओढत उभे. शेतातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

तात्या सगळीकडं न्यायचे. मुरगूडकडं तेवढं नाही. एकदा कुणीतरी म्हणालं, वेदगंगेच्या काठानं जाऊया की. तात्या म्हणाले, "तिकडं काय हाय बघायसारखं? ऊसच ऊस." आणि भराभरा पुढं चालायला लागले. का ते आम्हाला माहीत होतं. तात्यांची एकुलती एक लेक शैला मुरगूडलाच नांदत होती. तीन वर्षांपूर्वी तिनं तात्यांना न विचारता जातीबाहेरच्या एका मास्तराशी लग्न केलं होतं. जोडी पाया पडायला आली, तेव्हा तात्यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून तात्यांच्या बायकोचा, काकूंचा, एकच घोषा. आपण आहोत तोवर बापलेकीचं बोलणं व्हावं. मलाही म्हणायच्या, "तुमचं ऐकत्यात ते. कायतरी करा की." माझं कसलं ऐकतात! मी नुसता मान हलवायचो.

असाच एक रविवार, दिवाळीच्या तोंडावरचा. राधानगरीच्या बाजूला हिंडत एका गावात शिरलो, तर एका घरातून फेटेवाला माणूस पळतच आला. "या या पावणं! लई वाट बघाय लावली!" तात्या खूश. मला म्हणाले, "बघ! वळख न्हाय, पाळख न्हाय, तरी केवढा जीव!"

पाय धुवायला गरम पाणी आलं. जाजमावर बसवलं. पोहे आले, वर लाडू आले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आतून बायका डोकावून आम्हा पाच जणांत कुणालातरी शोधत होत्या. आमच्यात वयानं लहान मी, आणि माझेही निम्मे केस गेलेले. त्यांची तोंडं पडली.

तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली आणि समोरच्या पाटावर बसली.  कडक कपडे, अत्तर, लगीनसराईच्या आधीचा रविवार, दुसरं काय वाटणार त्यांना! मी तात्यांना कोपरानं ढोसलं. "अहो, हे आपल्याला सोयरिकीचे पाहुणे समजलेत. उठा!"

तात्या उठेनात. ते त्या पोरीकडं बघत होते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"इचारा की पावणं, काय इचारायचं ते," फेटेवाले म्हणाले.

रीत अशी, की नाव विचारायचं, शिक्षण विचारायचं, भाकरी येते का विचारायचं. तात्यांनी विचारलं, "बाळ, ह्ये लगीन तुला करायचं हाय का? तुला कुनी इचारलंय?"

मुलीनं खाली बघूनच मान हलवली. नाही.

"मग तुझ्या मनात काय हाय?"

आत भांडं पडलं. फेटेवाले ताडकन उभे राहिले. "अवो, असलं कुनी इचारतंय व्हय पोरीला?" आणि नेमकी तेव्हाच दारात जीप येऊन थांबली. खरे पाहुणे!

"मग तुमी कोन?"

"आम्ही फिरायला आलोय," मी म्हणालो.

"इस्त्री करून?"

 आम्ही चपला शोधायला लागलो. तात्यांनी मात्र हात जोडले. "चूक झाली, माफी करा. पर पोरीला एकदा इचारा. मी माझ्या लेकीला इचारलं न्हवतं." त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

आम्ही मोठ्या रस्त्याला आलो. बाकीचे तिघं कोल्हापूरच्या गाडीत चढले. तात्यांनी माझा दंड धरून ठेवला. "तू चल माझ्यासंगं मुरगूडला. एकटा गेलो तर दारातनंच माघारी यीन."

गाडीत त्यांनी विचारलं, "ती दार लावून घेल काय रं?"

"नाही घेणार, तात्या."

"घेतलं तर बरोबरच हाय तिचं."

शैला अंगण सारवत होती. चाहूल लागून तिनं वर बघितलं. आधी मला, मग मागं उभ्या बापाला. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि हातातला बोळा गळाला.

"आईला काय झालं?" ती ओरडली. "तात्या, खरं सांगा. आई हाय न्हवं?"

 मीच घाईनं म्हणालो, "काकू बऱ्या आहेत गं, घरी आहेत."

"मग?"

"मीच आलोय," तात्या म्हणाले. "घरात घेतीस?"