सोहमचा जाहीर सत्कार

बडोद्यातल्या पाणीगेटजवळच्या करुणासेतू मंडळाने सोहमचा जाहीर सत्कार करायचे ठरवले, तेव्हा शर्वरीला बरे वाटले. सोहम तिचा थोरला, पंधरा वर्षांचा. जन्मापासून पाय साथ देत नाहीत, शब्दही अडखळत येतात. डोके मात्र धावते. त्याच्या पाठची दोन: सहा वर्षांचा अनय आणि चार वर्षांची ऋचा. नवरा मुकुंद नंदेसरीच्या कारखान्यात पाळीवर. त्यामुळे घराबाहेर पडायचे तर वरात शर्वरीच काढायची. व्हीलचेअर पुढे, ऋचा कडेवर आणि अनय जिथे नसावा तिथे.

मंडळाने सोहमला दोन शब्द बोलायलाही सांगितले होते. तो आठवडाभर आरशासमोर बसून घोकत होता. आईला ऐकवायला मात्र साफ नकार. "स्टेजवरच... ऐक," म्हणाला.

कार्यक्रम तिसऱ्या मजल्यावर होता. दिव्यांगांची यात गैरसोय होईल हे मंडळाच्या लक्षात आले होते. म्हणूनच तर देणग्या गोळा करून खास त्यांच्यासाठी लिफ्ट बसवली होती. शर्वरी मुलांना घेऊन पोचली तेव्हा लिफ्टच्या दाराला झेंडूचे तोरण आणि आडवी लाल फीत होती.

"आवो आवो, बेन!" चिटणीस कांचनबेन लगबगीने आल्या. "पण लिफ्टला हात नका लावू हं. उद्घाटन बाकी आहे."

"कधी आहे?"

"सत्कार झाला की लगेच. पाहुण्यांच्या हस्ते."

"आणि सत्कार?"

"वर."

शर्वरीने हे मनात एकदा जुळवून पाहिले. "मग सोहम वर येणार कसा?"

"लिफ्टनेच! एकदा उद्घाटन होऊ दे, मग आरामात."

"मग उद्घाटनच आधी करा ना."

"बेन, पत्रिकेत छापलंय." कांचनबेनच्या आवाजात आता किंचित दुखावलेपण होते. "आधी कोणी वापरली, तर उद्घाटन कशाचं करायचं?"

तोवर स्वयंसेवक बाह्या सरसावून सोहमला उचलायला आले. सोहमने हात आडवा केला. "नको. उचलून नेतात... ते विसर्जनाला."

स्वयंसेवक ओशाळून मागे सरले. पण मंचावर व्हीलचेअरसाठी जागा आखली होती, कॅमेरा त्या जागेवर लावला होता आणि देणगीदार पहिल्या रांगेत बसले होते. कांचनबेननी तोडगा काढला. खुर्ची वर जाईल. सोहमची उपस्थिती प्रतीकात्मक मानली जाईल.

"जाऊ दे आई," सोहम म्हणाला. "खुर्चीचा तरी... होऊ दे सत्कार."

त्याला स्कूटरांच्या रांगेत एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवण्यात आले. व्हीलचेअर जिना चढू लागली आणि दादाच्या गाडीतून फिरायचा नाद असलेला अनय तिच्यामागे पळाला. ऋचाला सोहमपाशी ठेवून शर्वरी धावली.

ती धापा टाकत वर पोचली तेव्हा अनय व्हीलचेअरमध्ये बसला होता. गळ्यात हार होता, अंगावर शाल होती आणि अध्यक्ष फत्तेसिंहराव माइकवर होते. त्यांनी सोहमला कधी पाहिलेले नव्हते. खुर्चीत आहे तो सोहम, एवढी खातरजमा त्यांना पुरेशी होती.

"पंधरा वर्षांचं हे लेकरू," ते म्हणत होते, "पण पाहा, वाढ किती खुंटली आहे!"

पहिल्या रांगेत रुमाल निघाले. शर्वरीने मंचावर जाऊन माइक ओढला. "अहो, हा सोहम नाही!"

"अगदी खरं बोललात!" फत्तेसिंहरावांनी माइक परत घेतला. "आजच्या सन्मानानंतर हा पूर्वीचा सोहम राहिलेलाच नाही!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात अनय म्हणाला, "आई, शू." आणि उठून शालीसकट जिन्याकडे धावला.

टाळ्या थांबल्या. आता तरी यांना कळेल, असे शर्वरीला वाटले. मग मागच्या रांगेत कोणाला तरी हुंदका फुटला आणि अख्खे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पाहुण्यांनी माइक घेतला. ते म्हणाले, "जिथे इच्छाशक्ती आहे, तिथे लिफ्ट हवी कशाला?" फीत कापायला त्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला. लिफ्टमध्ये हल्ली मंडळ उरलेल्या शाली ठेवते.

शर्वरी अनयचा हात धरून खाली आली. स्कूटरांच्या गर्दीत ऋचा एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"दादानं भाषण केलं," ती म्हणाली.

"मलाही ऐकव ना रे," शर्वरी सोहमला म्हणाली.

सोहमने घसा साफ केला. "मी... सोहम. मला ऐकू... चांगलं येतं. मोठ्यानं ओरडू नका. आणि माझं काही विचारायचं... तर आईला नको, मला विचारा."

शर्वरीला हसू आले. मग हसता हसता तिला पदर डोळ्यांना लावावा लागला.

संध्याकाळपर्यंत त्या चमत्काराचा व्हिडिओ बडोदाभर फिरला आणि दुसऱ्या दिवशी डभोईहून तिच्या मावसबहिणीनेच तो तिला पाठवला. शर्वरीने सोसायटीच्या ग्रुपवर खुलासा लिहिला: धावलेला मुलगा अनय आहे, तो जन्मापासून धावतो. उत्तर आले: "वहिनी, चांगल्या गोष्टीत निगेटिव्हिटी कशाला?" रविवारी शेजारचे दीनानाथकाका सोहमजवळ आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कळवळून म्हणाले, "बाळा, धाकटा भाऊ उठून चालायला लागला. तूही आता मनावर घे."

तो व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. अगदी शेवटी, कॅमेरा खिडकीकडे वळतो तेव्हा खाली स्कूटरांच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काहीतरी बोलत असलेला एक मुलगा त्यात स्पष्ट दिसतो. पण तिथवर कोण पाहतो? तोपर्यंत हात जोडून तुम्ही तो पुढे पाठवलेला असतो.