कदीर ब्रदरची इजाजत

कदीर ब्रदर परवानगी घेतल्याशिवाय पेशंटला बोट लावत नसत. यात काय विशेष, असं वाटेल. विशेष एवढंच, की ज्यांची ते परवानगी घेत त्यांची वाचा गेलेली होती.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात दाढीचा ब्रश होता. पलंगावर आबा. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, तोंड किंचित वाकडं. ब्रदर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आबा, दाढी करतो. इजाजत?" आणि थांबले. थांबले म्हणजे खरोखर थांबले. ब्रशवरचा फेस ओघळून त्यांच्या मनगटावर आला, तिथून बाहीत गेला, तरी ते हलेनात. दारात उभ्या असलेल्या वहिनींनी, म्हणजे आबांच्या सुनेनं, विचारलं की तुम्ही हे विचारताय कुणाला?

"ज्यांची दाढी हाय त्यांना," ब्रदर म्हणाले.

बऱ्याच वेळाने आबांनी डावा डोळा मिटला आणि उघडला. "शुक्रिया," असं म्हणून ब्रदरनी ब्रश गालाला टेकवला.

डावा डोळा मिटला म्हणजे हो, उघडाच राहिला म्हणजे नाही. हा करार त्या दोघांत कधी झाला कुणालाच माहीत नव्हतं. नकार आला तर ब्रदर ब्रश धुऊन ठेवत आणि तासाभराने पुन्हा विचारत. एकदा आबांनी सलग तीन दिवस दाढीला नकार दिला. भेटायला येणारे हळहळले, घरात एवढी माणसं असून म्हाताऱ्याची काय दशा केलीय म्हणाले. ब्रदर प्रत्येकाला शांतपणे सांगत, "दशा न्हाई, मर्जी हाय."

मी वडवणीची. नर्सिंगचा कोर्स झाल्यावर बीडच्या एका ब्युरोत नाव नोंदवलं. घरोघरी नर्स पुरवणारा ब्युरो तो. त्यांनी मला तलवाड्याच्या या घरी पाठवलं, म्हणून मी गेवराईत खोली घेतली. आबा म्हणजे एकेकाळचे मोठे पुढारी. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, न्हाणीत पडून खुबा मोडून घेतला होता. अक्कांना मी, आबांना कदीर ब्रदर, ते माझ्या आधीपासूनच होते. ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ.

ब्रदर बीडहून पहिल्या एसटीने येत. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काखेत घडीचं स्टूल. हे स्टूल ते रोज नेत आणि रोज आणत. घरात चार सोफे असताना हे कावून, असं आबांच्या मुलाने, दादांनी विचारलं तेव्हा ब्रदर म्हणाले, "पलंगावर पेशंट, सोफ्यावर पाव्हणा. आपण स्टुलावर. जागा बदलली की माणूस बदलतो, दादा." दादांना त्यातलं काही कळलं नाही. मलाही नाही.

मेल नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. तलवाड्यात त्याचं पहिल्याच आठवड्यात 'बिरादर' झालं. आता बिरादर हे आमच्याकडे आडनाव. त्यामुळे येणारा-जाणारा विचारायचा, कुठले बिरादर, उदगीरकडचे का? आबांचे एक जुने सोबती तर अर्धा तास चहा पीत त्यांचं सोयरिकीचं नातं जुळवत बसले. ब्रदरनी बोलणं संपू दिलं आणि मग सांगितलं, "बिरादर न्हाई, ब्रदर. कदीर शेख. बीडचा." त्या गृहस्थांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. ते गेल्यावर मला वाटलं ब्रदरना लागलं असेल. ते म्हणाले, "बीपी बघाया पाहिजे त्यांचं. लई घाम आलता."

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "हे ड्यूटीत बसत न्हाई." गाडीतून सिलेंडर उतरवून घेणं ड्यूटीत बसत नव्हतं. वहिनींच्या मावसभावाचा एक्सरे बघून सांगणं बसत नव्हतं. दादांचे कार्यकर्ते रात्रीची उतरवायला सकाळी सलाईन मागायला येत, तेही बसत नव्हतं. एकाने तर शर्टाची बाही वर करून हातच पुढे केला. ब्रदरनी त्याला लिंबू-पाणी प्यायला सांगितलं आणि ते घरी जाऊन प्यायला सांगितलं.

माझ्या ड्यूटीत मात्र सगळंच बसायला लागलं होतं. पहिल्या महिन्यात मी सिस्टर होते, दुसऱ्यात वर्षाताई झाले, तिसऱ्यात वर्षे. वर्षे, एवढी मेथी निवड. वर्षे, पाहुणे आलेत, चार भाकरी टाक. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. घरच्यासारखं वागवतात असं मी आईला फोनवर कौतुकाने सांगायची. ब्रदर एकदा म्हणाले, "सिस्टर, भाकरी करणं वाईट न्हाई. पण आज भाकरी केली की उद्या बेडपॅन उशिरा जातो."

तसंच झालं. घरात वीस माणसांचं जेवण होतं आणि मी पुऱ्या लाटत होते. अक्का दोन तास ओल्यात पडून राहिल्या. त्यांच्या हाका मला स्वयंपाकघरात ऐकू आल्या नाहीत. शेजारच्या खोलीत ब्रदरना आल्या, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून मला हाक मारून गेले. मी जाऊन पाहिलं तर अक्कांच्या कमरेखाली रुपयाएवढा लाल डाग उठला होता. पडून पडून होणाऱ्या जखमेची, बेडसोरची सुरुवात अशीच होते. ब्रदर काही बोलले नाहीत, पण मला त्यांचं न बोलणंच झोंबलं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "तुमचं बरंय. तुम्ही पुरुष माणूस. तुमच्या हातात कुणी लाटणं देत नाही."

त्यांनी त्यावर एक पूर्ण दिवस विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल उघडता उघडता म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. मला कुणी लाटणं दिलं न्हाई." आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत पाऊल न टाकता वहिनींना म्हणाले की सिस्टर अक्कांसाठी आलेत, त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, बाकी तुमी बघा. वहिनी पंधरा दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. डाग मात्र गेला.

थंडीत निवडणूक लागली आणि दादा उभे राहिले. गावात सभा ठरली. दादांनी घरात जाहीर केलं की आबांना फेटा बांधून स्टेजवर बसवायचं, लोकांना आबा दिसले पाहिजेत. ब्रदर म्हणाले की डॉक्टरांना विचारा. डॉक्टर दादांच्या ओळखीचे. ते फोनवर म्हणाले, थोडा वेळ चालेल. मग ब्रदर म्हणाले, "आता आबांना विचारतो."

दादा हसले. बरं, विचारा म्हणाले. खोलीत सात-आठ माणसं गोळा झाली. मी अक्कांच्या खोलीच्या दारातून बघत होते. ब्रदर वाकले. "आबा, दादा म्हणतात संध्याकाळी सभेला न्यायचं. उघड्यावर, दोन तास. इजाजत?"

डोळा उघडा राहिला. एवढा वेळ, की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ब्रदरनी उलटं विचारलं, "घरीच थांबायचं?" आबांनी डोळा मिटला, आणि मिटूनच ठेवला.

म्हाताऱ्याचा डोळा आपोआप मिटतो, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना ते पटलं. विषय तिथेच संपला असता, पण ब्रदर उठले आणि जिथे बीपी, औषधं, लघवी लिहितात त्या चार्टवर त्यांनी वेळ टाकून लिहिलं : पेशंटने सभेस जाण्यास नकार दिला. दादांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा बदलला.

"तू नोकर कुणाचा बे?"

"नोकर तुमचा हाय, दादा," ब्रदर म्हणाले. "ड्यूटी आबांची हाय."

दादांनी ब्युरोला फोन लावला. दुपारी ब्युरोच्या मॅडम स्वतः गाडी करून आल्या. त्यांनी मला अंगणात वेगळं घेतलं आणि विचारलं की तू रोज बघतेस, आबांना खरंच कळतं का, की डोळा आपला मिटतो? मी वर पाहिलं. दादा व्हरांड्यात उभे होते. ब्रदर पायरीवर, पाठमोरे. मला गेवराईच्या खोलीचं भाडं आठवलं, वहिनींचे पंधरा दिवस आठवले. मी म्हणाले, "मिटत असेल आपला."

एवढंच. मॅडमनी मान हलवली. तासाभरात ब्रदरच्या जागी दुसरा माणूस आला. ब्रदरनी त्याला चार्ट समोर धरून चाळीस मिनिटं सगळं समजावलं. तो मोबाईल बघत हो हो म्हणत होता. मग ते आबांजवळ गेले, काहीतरी हळू बोलले, स्टूल घडी केलं आणि गेले. माझ्याकडे पाहून नेहमीसारखंच म्हणाले, "येतो सिस्टर."

सभेला मलाही नेलं. आबांना फेटा बांधून खुर्चीत बसवलं, पडू नयेत म्हणून शालीखालून छातीला पट्टा आवळला. मैदानात गार वारं सुटलं होतं. भाषण रंगात आलं तेव्हा दादांनी आबांचा उजवा हात मनगटाला धरून उंच केला आणि लोकांकडे हलवला. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, बघा, लेकासाठी बापाचा ऊर भरून आला. अर्धांगवायूने तो खांदा आधीच निखळलेला होता, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. मी शाल सारखी केली.

त्या दिवसापासून खोकला लागला. स्टेजमुळेच लागला असं मी म्हणत नाही, वय झालेलंच होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला माझा फोन वाजला. कदीर ब्रदर. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "सिस्टर, हँडओव्हर द्या."

मला कळेना. हँडओव्हर, म्हणजे पेशंटची सगळी माहिती, पुढच्या ड्यूटीवर येणाऱ्याला द्यायची असते. तुमची तर ड्यूटी नाही, म्हटलं. "ते माहीत हाय," ते म्हणाले. "बीपी किती?" मी बीपी सांगितलं. जेवण किती गेलं, खोकला कोरडा की ओला, ताप. पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा. मग रोजच. हे ड्यूटीत बसतं का, असं मी एकदा विचारणार होते. धीर झाला नाही.

त्यांच्याकडून पेनाशिवाय कसलाच आवाज येत नसे. भांडं वाजत नसे, टीव्ही नसे, कुणी हाक मारत नसे. घरी कोण कोण आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मी हाय."

नवा माणूस बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. अशा वेळी मी आबांकडे डोकावायची. एका दुपारी त्यांच्या ओठांना पापुद्रे आलेले दिसले. मी बोटावर तूप घेतलं, आणि काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "लावू का, आबा?" आणि थांबले. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा डोळा मिटला. मी मुद्दाम उलटं विचारलं, नको का? डोळा उघडा राहिला. मी तिसऱ्यांदा विचारलं. पुन्हा मिटला. मग मला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी फोनवर मी सांगितलं की आज आबांना विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. ब्रदर म्हणाले, "देतात ते." मॅडमना मी काय सांगितलं होतं ते त्यांना माहीत असणारच. त्यांनी पुढचं विचारलं, "लघवी किती झाली?"

दादा निवडून आले. गुलाल उधळून झाल्यावर आठवड्याने आबा गेले, सकाळी नऊच्या सुमाराला. बाहेरगावाहून गाड्या आल्या, अंगण माणसांनी भरलं. दुपारी सगळं आटोपलं. अक्का रडून रडून झोपल्या होत्या आणि मी त्यांच्या पायाशी बसले होते, तेव्हा सहा वाजले आणि फोन आला.

ब्रदरना बातमी कळली असणार असं मला वाटलं होतं. पण ते नेहमीसारखंच म्हणाले, "हँडओव्हर द्या, सिस्टर." मी म्हणाले, "ब्रदर, आबा गेले." ते म्हणाले, "हा. ऐकलं मी." आणि थांबले. मग म्हणाले, "तरी द्या."

मी वेळ सांगितली. शेवटी जवळ कोण होतं ते सांगितलं. श्वास कसा लागला होता ते सांगितलं. पेन चालत होतं. सगळं सांगून झालं, पण त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मग त्यांनी विचारलं, "शेवटच्या अंघोळीचं पाणी कोमट होतं का?"

अंघोळ पुरुषांनी घातली होती, अंगणात. आम्ही बायका आत होतो. सकाळी बोअर चालू केल्याचा आवाज तेवढा मी ऐकला होता.

"हो," मी म्हणाले. "मी स्वतः तापवून दिलं."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि लिहून घेतलं.